ओल्या दोराचा वास

तो माणूस आत आला तेव्हा मी बोय माशाची वाळवलेली गाबोळी कापत होते. आमच्या खाणावळीत स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये भिंत नाही, कमरेएवढा ओटा आहे. त्यामुळे येणारं माणूस मला आधी दिसतं आणि मग मी त्याला दिसते. अकरा वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते. पण खुर्चीत बसायच्या आधी टेबलावरचा रिकामा ग्लास उचलून उजेडाकडे धरायची त्याची पद्धत तीच होती. माझी सुरी गाबोळीत अर्ध्यावर थांबली.

लुदोविको कासाले. तुरिनचा, वाइनची चव घेऊन त्यावर लिहिणारा. एके काळी या माणसानं नाक मुरडलं की द्राक्षमळेवाल्यांची झोप उडायची.

त्याच्याबरोबर त्याची बायको होती, इनेस. चांगली उंच, हसतमुख. ती बसल्या बसल्या माझ्या नवऱ्याला म्हणाली, "आम्ही तीन दिवसांसाठी आलोय. खायचं, प्यायचं आणि शिडाच्या बोटीतून हिंडायचं, दुसरं काही नाही. तुम्हीच काय ते ठरवा."

बास्तियानोला असं बोलणारे पाहुणे फार आवडतात. त्यानं अक्रोड आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली मुशी आणली, तिसऱ्या आणल्या, आणि आमच्या कालियारीच्या मागच्या टेकड्यांवरची पांढरी वाइन उघडली. मी ओट्याआडून बघत होते. लुदोविकोनं ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"दुसरी आणता का?"

बास्तियानोनं दुसरी आणली. मग लाल आणली. मग आमच्या तळघरातली सगळ्यात जपलेली बाटली आणली. दर वेळी तो माणूस ग्लास उचलायचा, वास घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. चौथ्या ग्लासानंतर इनेसनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे आता, लुदो. पाणी पी."

बास्तियानो ओट्याशी आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "चारही बाटल्या मी चाखल्या, ग्रेका. एकीतही खोट नाही. कोण समजतो हा स्वतःला?"

"तू ओळखलं नाहीस?"

"कुणाला?"

"रायमोंदोवर लिहिणारा तो हाच."

बास्तियानोनं हातातला पंचा खांद्यावर टाकला आणि त्या टेबलाकडे पाहिलं.

रायमोंदो माझा धाकटा भाऊ. कालासेत्त्याला समुद्राच्या कडेला आमच्या वडिलांचा द्राक्षांचा मळा होता, नुसत्या वाळूत उभे असलेले गुडघ्याएवढे जुने वेल. रायमोंदो पहाटे जाळं टाकायचा आणि दिवसभर मळ्यात राबायचा. मासेमारीवर घर चालायचं, पण जीव मळ्यात होता. पिंपाला कान लावून बसायचा. मी म्हणायचे, "अरे, ती वाइन आहे, गरोदर बायको नव्हे." तो म्हणायचा, "गप गं, ऐकू दे."

त्या वर्षी जुलैत कासाले आमच्याकडे जेवायला येणार असं कळलं, आणि मी रायमोंदोला निरोप धाडला. तो इतका घाबरला की लग्नातलं जाकीट घालून आला. स्वयंपाकघरात माझ्या मागे उभा राहून नखं खात होता. कासालेनं त्याची वाइन तोंडात घेतली, टिपलं काही वहीत, आणि घड्याळ बघून उठला. पंधरवड्यानं तुरिनच्या एका साप्ताहिकात छापून आलं. बाकीचं मला आठवत नाही, हे एक वाक्य कालियारीतल्या पोराटोरांच्या तोंडी झालं: "कोळ्यानं वाइन केली की तिला ओल्या दोराचा वास येतो."

लोक बंदरावर रायमोंदोला हाक मारायचे, "काय रे दोरा, कसं काय?" तो हसायचा. आमच्या घरात सगळे असेच हसतात, दुखलं की.

ऑक्टोबरात त्यानं उरलेल्या सगळ्या बाटल्या बोटीत भरल्या आणि कालियारीला येतो म्हणून निघाला. त्या दिवशी वायव्येचा वारा सुटलेला होता. दोन दिवसांनी बोट नोराच्या टोकापुढे सापडली. शीड नीट गुंडाळून बांधलेलं. बोटीत एकही बाटली नव्हती आणि तो नव्हता. तो कधीच सापडला नाही. आई पुढच्या वर्षी गेली. वेल बोनारिया मावशीनं सांभाळले.

एवढं सगळं या माणसानं केलं, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. माझ्या म्हणण्यात काय कमी होतं ते फक्त मला ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर इनेस ओट्याशी आली. "माफ करा," ती म्हणाली. "तुमच्या वाइनमध्ये काही नाही. त्यालाच काहीतरी झालंय. दहा वर्षं होत आली. कुठल्याही ग्लासात त्याला एकच वास येतो. डॉक्टर झाले, औषधं झाली. लिहिणं सुटलं, धंदा सुटला. मी म्हटलं होतं, नापोलीला जाऊ, मार्सेयला जाऊ. त्यानं कालियारीचंच धरलं."

"कसला वास?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"ओल्या दोराचा."

माझ्या हातातली बशी मी हळूच खाली ठेवली.

"उद्या आम्ही तुमच्या यजमानांच्या बोटीतून निघणार आहोत," ती पुढे म्हणाली. "तुम्ही जेवण करायला याल का बरोबर? त्यानं खाल्लं तरी बास. खाण्यात तो वास येत नाही त्याला."

ती गेल्यावर बास्तियानो म्हणाला, "नाही सांगून टाकतो. शीड फाटलंय म्हणतो."

"नको. घेऊन जा."

"आणि तू येणार? कशाला? ढकलायला?"

"जेवण करायला," मी म्हणाले.

दुपारी खाणावळ बंद करून मी तळघरात गेले. मागच्या फळीच्या मागे, रद्दी कागदात, एक बाटली होती. ती मी अकरा वर्षं कुणाला दाखवली नव्हती, बास्तियानोलासुद्धा नाही.

सकाळी हवा छान होती. बंदरातून निघालो तेव्हा शिडात पुरेसा वारा होता. इनेस पुढे जाऊन बसली, पाय पाण्यावर सोडून, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. लुदोविको मागे बसला, सुकाणूजवळ, कोट अंगावर ओढून. शहर मागे पडलं. बास्तियानोनं विचारलं, "कुठल्या बाजूला जायचंय? पूर्वेला पाणी जास्त निळं आहे."

"पश्चिमेला," लुदोविको म्हणाला. "नोराकडे."

बास्तियानोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

अकराच्या सुमाराला नोराचा बुरूज दिसायला लागला, आणि वारा पडला. पडला म्हणजे एकदम. शीड लटकलं. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट झालं. असं ऑक्टोबरात होतं कधी कधी, मी स्वतःला सांगितलं. बास्तियानो म्हणाला, "थांबू या इथंच. जेवून घेऊ. दुपारी वारा येईल."

मी शेवंड उकडली होती, टोमॅटो आणि कांदा घालून थंड केली होती. पातळ कुरकुरीत रोट्या, मेंढीचं चीज. इनेस मन लावून जेवली, बोटं चाटली. तिच्यासाठी बास्तियानोनं पांढरी वाइन उघडली. लुदोविकोनं ग्लास घेतला, नाकाशी नेला नाही, तसाच धरून बसला.

"हा दोर कुणी भिजवला?" बास्तियानो म्हणाला.

त्याच्या पायाशी जाड दोराचं वेटोळं होतं. धक्क्याला बांधायचा दोर, सकाळी सोडून गुंडाळून ठेवलेला. त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि सकाळपासून एक लाट बोटीवर चढली नव्हती. वेटोळ्याखाली फळ्यांवर पाणी पसरलं होतं. बास्तियानोनं एक पेड उचलला तर तो ठिबकत होता.

"दव असेल," इनेस म्हणाली.

"बारा वाजता?"

लुदोविको त्या दोराकडे बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "इथंच ना? त्याची बोट इथंच सापडली ना?"

"कुणाची?" इनेसनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी म्हणाले.

"कात्रण पाठवलं होतं कुणीतरी. नाव लिहिलं नव्हतं." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही त्याच्या कोण? काल तुम्ही माझ्याकडे बघत होता. पाहुण्याकडे असं कुणी बघत नाही."

"बहीण."

इनेसनं हातातला तुकडा ताटात ठेवला. पाण्याचा आवाज नव्हता, शिडाचा नव्हता. कुणीतरी आमचं बोलणं संपायची वाट बघत असल्यासारखी शांतता होती. मला मान वळवून मागे बघायचं धैर्य झालं नाही.

मी टोपलीतून ती बाटली काढली आणि रद्दी कागद सोडवला. बास्तियानोनं बाटलीवरची चिठ्ठी पाहिली. रायमोंदोनं स्वतः काढलेली वाकडीतिकडी द्राक्षं. "ही कुठून आली?" त्यानं विचारलं.

"ऐक," मी म्हणाले. "तुम्ही दोघंही ऐका. त्या जुलैत रायमोंदोनं आधी एक पेटी बसनं पाठवली होती. तळघर भरलं होतं म्हणून मी ती भट्टीच्या भिंतीशी ठेवली. नंतर हलवू म्हणून. तीन आठवडे ती तिथंच राहिली. तुम्ही आलात त्या दिवशी तो ही एक बाटली घेऊन आला, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून. म्हणाला, 'ताई, हीच उघड हं.' खाणावळ भरलेली होती. मी घाईत हात मागे नेला आणि भट्टीजवळची उचलली; तो तुमच्याकडेच बघत होता. तुम्ही निघून गेल्यावर ही मला सापडली. फडक्यासकट."

"आणि तू सांगितलं नाहीस," बास्तियानो म्हणाला.

"आधी वाटलं, काय फरक पडतो. मग छापून आलं, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर तो माझं तोंड बघणार नाही. मग तो गेला. मग सांगायला कोण होतं?" मी लुदोविकोकडे पाहिलं. "सगळा गाव तुम्हाला शिव्या देत होता. मला ते बरं वाटत होतं."

मला वाटलं होतं, तो भडकेल, किंवा सुटल्यासारखा रडेल. त्यानं तसं काही केलं नाही. नकारार्थी मान हलवत राहिला.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं?"

"ती वाइन उष्णतेनं शिजली होती. पहिल्याच घोटात कळलं. शिजलेले मनुके आणि खाली काहीतरी फार चांगलं, दबलेलं. हा मळ्याचा दोष नाही, ठेवणाऱ्याचा आहे, हे शिकाऊ माणसालाही कळतं. अशा वेळी दुसरी बाटली मागायची असते. आमच्या धंद्यात हा पहिला नियम आहे."

"मग मागितली का नाहीत?" इनेसनं विचारलं. तिच्या आवाजात असं काही होतं की तो तिच्याकडे बघू शकला नाही.

"उशीर झाला होता. दोन वाजता मित्राची बोट सुटणार होती. सगळे धक्क्यावर थांबले होते. मला समुद्रावर जायचं होतं, इनेस. एवढंच." त्यानं ओठांवरून हात फिरवला. "आणि दोराचा वास तर नव्हताच. शपथ घेऊन सांगतो, नव्हता. कुणीतरी म्हणालं, हा करणारा कोळी आहे. मला वाक्य सुचलं. वाक्य चांगलं होतं. म्हणून लिहिलं."

बास्तियानो उठला. मला वाटलं, आता हा मारतो याला. तो डोलकाठीपर्यंत गेला, तिला हात लावून उभा राहिला, आणि परत आला.

"उघड ती," तो मला म्हणाला. "उघड, नाहीतर मी बुडवीन समुद्रात. बाटली नाही, याला."

मी बूच काढलं. ते अर्ध्यात तुटलं. चार ग्लास भरले. लुदोविकोनं त्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, श्वास घेतला.

"दोर," तो म्हणाला. "फक्त दोर."

मग मी प्याले. अकरा वर्षं मी या बाटलीला घाबरत होते. मला वाटायचं, आतलं सगळं आंबून गेलं असेल, आणि तेच बरं. तसं नव्हतं. ती जिवंत होती. इनेसच्या डोळ्यांत पाणी आलं. बास्तियानो पाठ फिरवून समुद्राकडे बघत राहिला.

"सांगा मला," लुदोविको म्हणाला. "कशी आहे?"

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही."

"मला माझ्यासारखं नकोच आहे. सांगा."

म्हणून मी सांगितलं. दुपारी अनवाणी चाललो की वाळू जशी भाजते, तसं आधी लागतं, म्हणाले. मग काळी बोरं, झाडाखाली पडलेली, थोडी चिरडलेली. मग मीठ, पण जेवणातलं नाही, पोहून आल्यावर दंडावर राहतं ते. आणि शेवटी बराच वेळ काहीतरी राहतं, त्याला नाव नाही, घरात कुणीतरी आत्ताच येऊन गेल्यावर राहतं तसं. मी बोलत होते आणि तो माणूस ओठ हलवत होता, धडा पाठ करावा तसा. त्यानं ग्लास शेवटपर्यंत प्यायला. त्याला काय लागलं असेल देव जाणे.

तीन वाजता वारा आला. आम्ही परत फिरलो. शहर दिसायला लागल्यावर लुदोविको म्हणाला, "मला तो मळा बघायचाय."

"तिथं माझी मावशी असते," मी म्हणाले. "ती तुमचं नाव घेऊन थुंकते."

"तरीही."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गाडीनं कालासेत्त्याला गेलो. तोडणी झालेली होती, वेलांची पानं लालसर पडलेली. बोनारिया मावशी ब्याऐंशी वर्षांची, तरीही फावडं हातात. लुदोविको वाळूत गुडघ्यावर बसला आणि एका वेलाच्या बुंध्याला हात लावून पाहू लागला.

"कोण गं हा म्हातारा?" मावशीनं विचारलं. "काही हरवलंय का त्याचं?"

वाटेत मी मनाशी दहा वाक्यं जुळवली होती. एकही उपयोगी पडलं नाही. "ज्यानं लिहिलं तो हा आहे, मावशी," मी म्हणाले. "आणि खराब बाटली वाढली ती मी." मग सगळं सांगितलं, भट्टीची भिंत, फडकं, बाटली लपवली तेही.

मावशी फावड्यावर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अकरा वर्षं मी रोज सकाळी याला शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या तुझ्या होत्या म्हणायच्या."

"हो."

"तुझी आई माझ्या मांडीवर गेली. तू शेजारी बसली होतीस. तेव्हा तरी सांगायचंस."

तिनं लुदोविकोला उठायला सांगितलं. त्याला नीट उठता येईना, तर काखेत हात घालून उठवलं, आणि घरात नेऊन पाणी दिलं. इनेसलाही आत बोलावलं, बास्तियानोलाही. मला बोलावलं नाही. मी बाहेर वाळूत उभी राहिले. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते.

लुदोविकोनं तुरिनला जाऊन त्या साप्ताहिकात कबुलीच्या चार ओळी छापून आणल्या. त्यात त्यानं माझं नाव घातलं नाही, स्वतःचंच घातलं. फार कुणी वाचल्या नसतील. इनेस ख्रिसमसला पत्र पाठवते. तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की वास गेलेला नाही, पण आता लुदो रोज संध्याकाळी एक ग्लास घेतो, चेहरा वाकडा न करता, नेमून दिलेलं काम करावं तसा.

मावशी माझ्याशी बोलायची बंद झाली. मी तरीही जात राहिले. जानेवारीपासून छाटणी असते. दर रविवारी मी पहिल्या बसनं जायचे, कात्री घ्यायचे आणि एका टोकानं सुरू करायचे. ती दुसऱ्या टोकाला असायची. ओळीत आम्ही समोरासमोर येत जायचो, आणि दहा-बारा वेल राहिले की ती कात्री खिशात घालून पुढच्या ओळीत निघून जायची. राहिलेले वेल मी छाटायचे. पहिला हिवाळा असा गेला, दुसराही.

या फेब्रुवारीत, शेवटच्या रविवारी, ती गेली नाही. आम्ही एकाच वेलाशी येऊन थांबलो. वारा होता, तिनं डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बास्तियानोचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो थंडीत."

"मेंढीची चरबी चोळ म्हणावं." मग तिनं समुद्राच्या बाजूला मान वळवली. तिथं अगदी कडेला एक ओळ आहे, सगळ्यात जुनी, खारा वारा थेट तिच्यावर येतो म्हणून आम्ही ती नेहमी शेवटी घेतो. "ती ओळ बाकी चांगली छाटलीस तू," मावशी म्हणाली. "अगदी रायमोंदोसारखी. काडीवर दोन डोळे ठेवून, तिरका काप. मला वाटलं नव्हतं तुला जमेल."

मी तिकडे पाहिलं. शेवटच्या वेलापर्यंत एकेक काडी स्वच्छ कापलेली होती. कापलेल्या काड्यांच्या लहान लहान मोळ्या करून ओळीत ठेवल्या होत्या.

त्या ओळीकडे मी यंदा गेलेच नव्हते. मला वाटत होतं, ती मावशीनं घेतली असेल.

"हो," मी म्हणाले, आणि पुढचा वेल धरला.